जिभेने तपासले

आमच्या खात्यात माणूस ओळखला जातो तो त्याच्या टेबलावरून. कोणी आस्थापनेचा, कोणी बियाण्यांचा, कोणी ठिबकचा. साहेब मात्र त्यांच्या जिभेवरून ओळखले जायचे. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा व्हायच्या आधीपासून ते पर्यवेक्षक होते आणि वेगळा झाल्यावरही पर्यवेक्षकच राहिले. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी निम्म्या जिल्ह्याची माती चाखून पाहिली होती. हे मी अलंकारिक बोलत नाही. ते खरोखर माती तोंडात टाकायचे.

त्याची एक रीत होती. रानात शिरण्यापूर्वी चपला बांधावर काढायच्या. खुरप्याने वीतभर खणायचं, खालून हरभऱ्याएवढा खडा उचलायचा, त्यावर फुंकर मारायची आणि तो जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. शेतकरी समोर हात बांधून उभा. अर्ध्या मिनिटाने साहेब डावीकडे वळून थुंकायचे, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायचे आणि डायरी काढायचे. थुंकायचं ते डावीकडेच, उजवीकडे कधी नाही. त्याचं कारण मला शेवटपर्यंत कळलं नाही. डायरीत एखादंच वाक्य असायचं. किंचित खारट, पाणी मुरत नाही. किंवा, चव चांगली, कापूस नको.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या हाताखाली माझी नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यातच सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या एका रानात गेलो. तिथल्या जमिनी कालव्याचं पाणी झिरपून खारावल्या होत्या आणि त्यांत टाकायला खात्याने जिप्समची पोती वाटली होती. आपण सगळी पोती रानात टाकली, असं शेतकरी शपथेवर सांगत होता. साहेबांनी खडा तोंडात टाकला, थुंकले, चूळ भरली आणि म्हणाले की, या रानात एक मूठ जिप्सम पडलेलं नाही. शेतकऱ्याने आभाळाकडे पाहिलं. मग त्याने कबूल केलं की, म्हशीच्या गोठ्यात चिखल फार होत होता म्हणून पोती तिथे पसरली. साहेबांनी गोठा पाहिला. म्हैस ऐसपैस कोरड्या जागेत बसली होती. त्यांनी डायरीत लिहिलं, जिप्सम म्हशीला लागू पडले.

त्यांचं एक वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. "जीभ खोटं सांगत न्हाई. खोटं माणूस सांगतो, जिभेला निस्तं वापरतो." हे म्हणताना ते माझ्याकडे का बघायचे, हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

जिभेची निगा ते गवयाने गळ्याची राखावी तशी राखायचे. तंबाखू नाही, सुपारी नाही, चहा बिनसाखरेचा, दुपारपर्यंत तिखट बंद. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, यांना जेवायला वाढणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं. वरणाचा पहिला घास घेऊन हा माणूस सांगायचा की, आज तूर बदलली आहे. एका लग्नाच्या पंगतीत नवरीच्या बापाने भीत भीत विचारलं, जेवण कसं झालं? सगळ्यांनी फक्कड म्हटलं. साहेब म्हणाले, भात चांगला आहे, पाणी बोअरचं आहे, आणि मठ्ठा कालचा आहे. तेव्हापासून त्यांना लग्नाची पत्रिका यायची, पण कसं झालं हे कोणी विचारायचं नाही.

ही जीभ कधीकधी खात्याच्याही अंगाशी यायची. एकदा माती तपासायचं यंत्र बंद पडलं आणि नेमकी वरून पाहणी यायची होती. नमुने पडून होते. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी साहेबांना बोलावून गोडीगुलाबीने सांगितलं की, तुम्हाला एवीतेवी कळतंच, तर आकडे भरून टाका. साहेबांनी एका दुपारी सगळे नमुने चाखले. तोंड सुजलं, पण काम पुरं केलं. आणि नोंदवहीत प्रत्येक नमुन्याच्या आकड्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, यंत्र बंद, जिभेने तपासले. पाहणीला आलेल्या माणसाने ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला. पुढे यंत्र दुरुस्त झालं तेव्हा त्यातून निघालेले आकडे साहेबांच्या नोंदींशी जुळले, म्हणून तर खात्यात त्यांच्यावर जास्तच राग होता.

साहेब बौद्ध होते. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेच्या वस्तीत त्यांचं घर होतं आणि घराला लागूनच विहार. दर रविवारी सकाळी ते पांढरी पँट आणि पांढरा सदरा घालून विहारात सर्वांत पुढे बसायचे. ते पंचशील सांगायचे आणि मागे सगळी वस्ती ते म्हणायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. तीस वर्षं हा त्यांचा मान होता आणि त्यांच्या बोलण्यात अभिमान म्हणून काही कधी यायचा तो एवढ्याचाच.

मी कळमनुरी तालुक्यातलाच, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातला. साहेबांबरोबर फिरत होतो बारा वर्षं. रानातली तपासणी झाली की शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा यायचा. मला स्टीलच्या पेल्यात. साहेबांना कान तुटलेल्या कपात, आणि तो कप घरात परत जायचा नाही, बाहेरच्या कोनाड्यात पालथा पडायचा. सगळ्या घरी असं नव्हतं, पण बऱ्याच घरी होतं. मी ते पाहिलं नाही म्हणालो तर खोटं होईल. पाहिलं, आणि चहा पिऊन टाकला. साहेब बिनसाखरेचा मागायचे, तो गोडच यायचा, आणि हा एवढा एकच पदार्थ होता ज्याच्या चवीबद्दल ते काही बोलत नसत.

माझ्याबद्दलही सांगून टाकतो. बाळापूरला त्यांच्या घरी मी कागदपत्रं द्यायला किती वेळा गेलो असेन त्याचा हिशोब नाही. वहिनी पाण्याचा पेला घेऊन यायच्या आणि मी म्हणायचो, आत्ताच पिऊन निघालो. उन्हाळ्यातल्या भर दुपारी, तीस किलोमीटर मोटारसायकलवर येऊन, ओठ फाटलेले असताना मी हे म्हणायचो. घरी आई विचारायची, तिथं काही खाल्लंबिल्लं नाहीस ना? मी नाही म्हणायचो आणि ते अगदी खरं असायचं. माझं तेवढं एकच बोलणं चौथ्या शिलात बसण्यासारखं होतं.

तर दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या भागातल्या प्रगतिशील शेतकऱ्यांना ठिबक सिंचन दाखवायला स्पेनला न्यायचं ठरलं. प्रगतिशील शेतकरी म्हणजे ज्याच्याकडे पासपोर्ट आहे तो. बरोबर आमचे वरिष्ठ, मातीचे जाणकार म्हणून साहेब, आणि अहवाल लिहिण्यासाठी मी. माझं मराठी चांगलं आहे असा खात्यात समज होता.

ठिबक आम्ही पहिल्याच दिवशी पाहिलं. नळ्याच त्या, आपल्यासारख्याच. चौथ्या दिवशी आम्हाला समुद्राजवळच्या एका गावात नेलं. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा द्राक्षाचा मळा होता आणि घराखालच्या तळघरात तो स्वतःची लाल वाईन करायचा. ती गावातच संपते, बाहेर विकायला जात नाही, असं दुभाषी बाईंनी सांगितलं. बाई मूळच्या पंजाबातल्या, तिकडेच लग्न झालेल्या, हिंदी बोलायच्या. टेबलावर पेले मांडले होते आणि बाजूला एक बादली. चव घ्यायची आणि बादलीत थुंकायची, असं बाईंनी समजावलं. आमच्या मंडळींनी बादलीकडे दयेने पाहिलं. इतक्या लांब येऊन थुंकायचं?

पुढचं फार सांगत नाही. वरिष्ठांनी संस्कृतीची ओळख म्हणून पहिला पेला उचलला. मी अहवालासाठी म्हणून घेतला, मग तपशील पुरेना म्हणून आणखी तीन. औंढ्याकडच्या एका पागोटेवाल्याने म्हाताऱ्याच्या बायकोला बहीण मानलं आणि तिला दिवाळीला न्यायला यायचं कबूल केलं. बादली रिकामीच होती.

साहेब भिंतीला टेकून उभे होते. म्हाताऱ्याने स्वतः पेला आणून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बाईंना विचारलं, थुंकलं तर चालतं ना? चालतं काय, तसंच करतात, बाई म्हणाल्या. मग साहेबांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, अर्धा मिनिट थांबले, डावीकडे वळून बादलीत थुंकले, चूळ भरली आणि डायरी काढली.

म्हातारा बघतच राहिला. त्याच्या तळघरात त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी रीतसर चव घेतली होती. तो बाईंना म्हणाला, या साहेबांना यातलं कळतं, ते काय म्हणतात ते विचारा. साहेबांनी डायरीतलं वाचून दाखवलं. तुरट, जांभळाच्या बियेसारखी. शेवटाला मीठ. मग म्हणाले, मळ्याचा एक कोपरा सखल असेल, तिथे पाणी थांबत असेल, तिथली द्राक्षं यात नका घालू.

बाईंनी ते सांगितलं आणि म्हातारा पेला ठेवून साहेबांच्या दंडाला धरून त्यांना मळ्यातच घेऊन गेला. मी मागे गेलो, जरा तिरका चालत. सखल कोपरा होता. तिथले वेल खुरटले होते. साहेबांनी चपला काढल्या, बोटाने उकरलं, खडा फुंकला आणि तोंडात टाकला. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, वाकून त्यानेही एक खडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहून माती चघळत होते, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मग म्हाताऱ्याने मान हलवली. साहेब डावीकडे थुंकले, तो उजवीकडे थुंकला.

परत तळघरात आल्यावर म्हाताऱ्याने आतून एक बिनचिठ्ठीची बाटली आणली. स्वतःचा पेला घेतला, भरला, अर्धा प्याला आणि उरलेला अर्धा, तोच पेला, साहेबांपुढे धरला. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. पेल्याच्या काठावर म्हाताऱ्याच्या ओठांचा लाल डाग होता. मला वाटलं, आता चूळ भरायला पाणी मागतील. त्यांनी पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तो गिळला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, चार पेल्यांच्या आडून का होईना.

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. त्यातल्या एका वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. सदर गावी स्थानिक मद्याची चव घेण्याचा आग्रह झाला असता गटातील सर्व सदस्यांनी आपल्या परंपरेस अनुसरून नम्रपणे नकार दिला. वरिष्ठ खूश झाले. सगळ्यांनी सह्या केल्या. सर्वांत शेवटी कागद साहेबांकडे गेला. त्यांनी तो पूर्ण वाचला, सही केली आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, मी घेतली, एक घोट गिळला.

आता गंमत पाहा. सर्वांनी नकार दिला आणि एकाने घेतली, असा तो कागद झाला. वरिष्ठ गप्प बसले असते, पण साहेबांची ती ओळ कोणी वाचण्याआधीच अहवालाच्या प्रती वर गेल्या होत्या. साहेबांना नोटीस आली. शासकीय दौऱ्यात मद्यप्राशन केल्याबद्दल कारवाई का करू नये? त्यांना रानातल्या कामावरून काढलं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. जिल्ह्याची माती चाखणारी जीभ आता पाकिटं चिकटवायला लागली. प्रगतिशील शेतकऱ्यांनी गावोगाव सांगितलं की, साहेब तिकडे लई प्याले, आम्हालाच सांभाळायला लागलं. ज्याने बहीण मानली होती तो सर्वांत पुढे होता.

विहारात तर कोणी काही विचारलंही नव्हतं. साहेबांनी आपण होऊन रविवारी उभं राहून सांगितलं, माझं पाचवं शील मोडलं, मी पुढे बसणार नाही. आणि ते जाऊन सर्वांत मागे, दाराजवळ, लेकरांच्या रांगेत बसले. वस्तीतली एक म्हातारी त्यांना म्हणाली होती की, मोडतं म्हणूनच तर दर आयतवारी पुन्हा घ्या लागतं, त्यात काय एवढं. पण साहेब मागेच बसले. हे मला वहिनींनी सांगितलं, डोळ्यांना पदर लावून.

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत संपत आली तेव्हा वरिष्ठांनी मला पाठवलं. साक्षीदार म्हणून माझाही जबाब होणार होता. साहेबांनी एवढंच लिहावं की, ती वाईन नव्हती, द्राक्षाचा रस होता, म्हणजे सगळेच सुटतील. सगळेच, म्हणजे आम्ही.

मी दुपारी बाळापूरला पोचलो. साहेब ओट्यावर बसून जुन्या डायऱ्या चाळत होते. मी वरिष्ठांचा निरोप सांगितला, वर माझ्या मनचंही जोडलं की, दोन वर्षं राहिली तुमची, कशाला आयुष्यभराच्या नोकरीला डाग लावून घेता? त्यांनी डायरी मिटली.

"पाचवं मोडलं ते मोडलं," ते म्हणाले. "आता तुज्या अहवालापायी चवथं बी मोडू व्हय?"

मग मी ते विचारलं जे मला तळघरात असल्यापासून विचारायचं होतं. पहिला घोट थुंकलात, मग दुसरा काहून गिळला? बादली तर तिथेच होती.

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. जीप, ट्रक, नांदेडकडे जाणारी एसटी.

"त्यानं सोताच्या पेल्यातलं अर्धं देलं मला," ते म्हणाले. "छप्पन वर्षांचा झालो. आमच्या वस्तीभायेरच्या माणसानं आपला पेला माज्यापुढं केला, असं पयल्यांदाच झालं. आन त्याच्या तोंडासमोर थुंकू? माज्या हातचं नको म्हणून लोक तोंड फिरवतात तवा कसं लागतं, ते मला ठावं हाय. त्याला काहून तशी तकलीफ देऊ मी?"

यात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वहिनी पेला घेऊन आल्या. त्यांनी तो पुढे केला तो सवयीने, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, आत्ताच पिऊन निघा... वहिनी नेहमीप्रमाणे वळल्या होत्या. मी उठून त्यांच्या हातातून पेला घेतला. मला लाज वाटली, खूप लाज वाटली, हे इथे लिहितो. पाणी सगळं एका दमात प्यालो. थोडं सदऱ्यावर सांडलं.

साहेब माझ्याकडे बघत होते, रानात खडा तोंडात ठेवल्यावर असायचा तसा चेहरा करून.

"कसं हाय?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. "गोड आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती मी त्याआधी एकदाच पाहिली होती, त्या म्हशीच्या गोठ्यात.

"खरं सांग."

"खारट आहे, साहेब," मी म्हणालो. "लई खारट आहे."

"आता बराबर," ते म्हणाले आणि हसले. "हापशाचं हाय. वीस वर्षं झाली, खारटच हाय. आता जा, आन असंच लिव्ह."

मी तसंच लिहिलं. जबाबात सांगितलं की, आमच्या गटात सर्वांनी वाईन घेतली, मी स्वतः चार पेले घेतले, आणि थुंकणारा माणूस एकच होता, ज्याच्यावर नोटीस आहे. खात्याने याची योग्य ती दखल घेतली. साहेबांची नोटीस कपाटात गेली आणि वर कधी आलीच नाही. वरिष्ठांना कोणी काही विचारलं नाही. आवक-जावकच्या टेबलाला मात्र दुसरी खुर्ची लागली, ती माझी. घरी आई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, नोकरीपायी नव्हे, पाण्यापायी. तिला मी तेही सांगून टाकलं होतं.

विहारात साहेब वर्षभर मागे बसले आणि मग त्या म्हातारीने त्यांना हाताला धरून पुढे आणून बसवलं. खात्यात ते पुन्हा रानात गेले नाहीत. निवृत्तीपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून पाकिटं चिकटवली, ते स्पंज वापरत नसत. त्यांच्या पिशवीत बाळापूरच्या हापशाच्या पाण्याची बाटली असायची आणि टेबलावर एकच पेला. दुपारी ते अर्धा प्यायचे आणि उरलेला माझ्यापुढे सरकवायचे. मग विचारायचे, कसं हाय? मी खरं ते सांगायचो. दोन वर्षं रोज प्यालो. पाणी शेवटपर्यंत खारटच होतं.